अमेरिकेतला काँडो पाहुण्यांना देताना: एचओ-६ की व्यावसायिक पॉलिसी?

वर्षातून दोन-तीन आठवडेच काँडो (मालकीचा फ्लॅट) पाहुण्यांना भाड्याने देणार असाल, तर एचओ-६ पॉलिसीला, म्हणजे काँडोमालकाच्या घरविम्याला, होम-शेअरिंगची (घर पाहुण्यांना भाड्याने देण्याची) पुरवणी जोडणं स्वस्त पडतं. पुरवणी नसेल तर पाहुण्याने केलेली चोरी किंवा त्याला झालेली इजा, दोन्ही दावे बहुधा नाकारले जातात.

वर्षभर बुकिंग असेल तर शॉर्ट-टर्म रेंटलची (थोड्या दिवसांच्या भाड्याची) व्यावसायिक पॉलिसीच घ्या. हप्ता जास्त, पण दायित्व (पाहुण्याला इजा झाल्यास तुमच्यावर येणारी भरपाई), फर्निचर आणि बुडालेलं भाडं या सगळ्यांचं संरक्षण एकत्र येतं. एअरबीएनबीचं १० लाख डॉलरचं दायित्व-संरक्षण फक्त तिथूनच आलेल्या बुकिंगपुरतं असतं, त्यावर विसंबू नका.

दोन्ही पॉलिसींत ‘लॉस असेसमेंट’ची, म्हणजे काँडोमालकांच्या असोसिएशनने नुकसानीचा खर्च मालकांवर वाटला तर तुमचा वाटा भरणाऱ्या संरक्षणाची, मर्यादा आधी बघा. एचओ-६ मध्ये ती अनेकदा १,००० डॉलरच असते; असोसिएशनच्या मास्टर पॉलिसीचं (पूर्ण इमारतीच्या विम्याचं) डिडक्टिबल, म्हणजे विमा कंपनीआधी स्वतः भरायची रक्कम, मालकांवर वाटलं गेलं, की ती हमखास अपुरी पडते.