आईच्या फोनमधली चिप कुठे गेली?

२२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी चिपळूणच्या बाजारपेठेत शिरलं तेव्हा आई शेजाऱ्यांच्या वरच्या मजल्यावर पोचली, पण तिचा फोन खाली ओट्यावरच राहिला. तिसऱ्या दिवशी गाळ उपसताना तो हाती लागला. २०२० साली घेतलेला, नऊ-दहा हजारांचा फोन. फोनचं आम्हाला काही नव्हतं. मे महिन्यात अण्णा, माझे वडील, करोनाने गेले होते आणि त्यांची भजनं त्यात होती. अण्णा भजनी मंडळाचे बुवा. लॉकडाऊनमध्ये मंडळ बसेना, म्हणून संध्याकाळी पेटी काढून एकटेच गायचे आणि आई समोर फोन धरायची. साठ-सत्तर अभंग तरी झाले असतील.

फोन तांदळात ठेवा, असं ज्याने त्याने सांगितलं. तांदूळ आतला गाळ काढत नाही आणि फोनच्या मुख्य सर्किट बोर्डावरच्या पत्र्याच्या झाकणांखाली शिरलेलं पाणीही ओढत नाही. सुदैवाने आम्ही फोन चार्जिंगला लावला नव्हता, गावात वीजच नव्हती. ओल्या बोर्डात वीज खेळली की तांबं झपाट्याने गंजतं, हे मला नंतर कळलं.

बाजारपेठेत फोन दुरुस्त करणाऱ्या एका मुलाचं दुकान आहे. त्याचंही सगळं पाण्यात गेलं होतं, मायक्रोस्कोप, हॉट एअर गन, पॉवर सप्लाय, सगळं. घरी नेलेला, वीज तपासायचा एक मीटर तेवढा वाचलेला. त्याने दुकानासमोरच्या पायरीवर बसून फोन उघडला, आधी बोर्डाचे दोन्ही बाजूंनी फोटो काढले, मग मीटरच्या पिना बॅटरीच्या कनेक्टरला लावल्या. मीटर वाजला. "ताई, मेन लाइन शॉर्ट आहे, वीज भलत्याच वाटेने जातेय. बहुतेक एखादा कॅपॅसिटर, बोर्डावरचा बारीक भाग, गेलाय. बोर्ड नीट धुऊन, शॉर्ट शोधून काढला तर उठेल. आपल्याला फोन कायमचा चालवायचा नाहीये, एकदा चालू करून डेटा काढून घ्यायचाय. माझ्याकडे आत्ता काहीच नाही, म्हणून मुंबईला न्या. पण सीपीयू, म्हणजे फोनचा मेंदू, आणि मेमरीला कुणाला हात लावू देऊ नका." पैसे घेतले नाहीत. फोटो मला पाठवून ठेवले.

त्याचं शेवटचं वाक्य मी नीट ऐकलं असतं तर हे लिहायची वेळ आली नसती.

ऑगस्टमध्ये मी मुंबईत आत्याकडे उतरले आणि 'डेटा रिकव्हरी, १०० टक्के खात्री' अशी पाटी असलेल्या एका दुकानात गेले. दुकानाचं नाव इथे लिहीत नाही, तक्रार चालू आहे. काउंटरवरचा माणूस अतिशय गोड बोलला. तपासणीचे ५०० रुपये. दुसऱ्या दिवशी फोन आला, "मॅडम, बोर्ड पूर्ण डेड आहे. मेमरी चिप काढून आमच्या मशीनवर वाचावी लागेल. चार हजार ॲडव्हान्स." मी शॉर्टबद्दल विचारलं. तो हसला, म्हणाला, गावच्या मेकॅनिकला हे कळणार नाही. त्या हसण्याने मला लाज वाटली, आपल्या माणसाची नाही तर आपलीच, आणि मी पैसे पाठवले. मग त्याने फोनचा पिन मागितला आणि आईच्या जीमेलचा पासवर्डही. "लॉक उघडायला लागतो." तोही दिला.

दहा दिवसांनी त्याने लॅपटॉपवर चौकटी-चौकटींनी भरलेला स्क्रीन दाखवला. आईचे फोटो! दिवाळीचा कंदील, भाचीचा वाढदिवस, अण्णा झोपाळ्यावर. मी तिथेच रडले. "चिप वाचली, मॅडम. बाकीचं भरा, सगळं पेन ड्राइव्हवर देतो." आणखी साडेनऊ हजार भरले. एकूण चौदा हजार. यूपीआयने, दुकानाच्या नव्हे तर एका माणसाच्या नावावर. पावती म्हणून पॅडवरची चिठ्ठी मिळाली, त्यावर ना शिक्का ना जीएसटी नंबर.

पेन ड्राइव्हवर २१२ फोटो होते. भजन एकही नव्हतं. "ऑडिओ करप्ट झाल्या, पाण्यामुळे होतं," असं उत्तर मिळालं. फोटो मिळाले हेच खूप, असं म्हणून मी गावी परतले.

पुरानंतर आईकडे भावाने आणलेला साधा बटणांचा फोन होता. ऑक्टोबरमध्ये तिला नवा स्मार्टफोन घेतला आणि तिच्या जुन्याच जीमेलने चालू केला. फोटोंचं ॲप उघडताच तेच फोटो समोर आले. मोजले, २१२. शेवटचा फोटो भाऊबीजेचा, १६ नोव्हेंबर २०२०. पेन ड्राइव्हवरचा शेवटचा फोटोही तोच. मग उलगडा झाला. फोन घेतला तेव्हा भाच्याने बॅकअप लावून दिला होता, पण फक्त वाय-फायवर. चिपळूणच्या घरात वाय-फाय नाही. त्या दिवाळीत आई ठाण्याला भावाकडे गेली होती, तिथे सगळे फोटो आपोआप वर चढले आणि पुढचे कधीच चढले नाहीत. फोनच्या रेकॉर्डरमधल्या ऑडिओ तर फोटोंच्या बॅकअपमध्ये जातच नाहीत. आईच्या मेलमध्ये न उघडलेली एक सूचना पडून होती: नव्या विंडोज संगणकावरून लॉगिन. 'चिप वाचली' म्हणून मला बोलावलं त्याच्या आदल्या दिवसाची तारीख.

म्हणजे आईचाच पासवर्ड वापरून तिचेच फोटो उतरवले आणि तेच आम्हाला चौदा हजारांना विकले. शिवाय दोन महिने तिचा मेल त्यांच्यासाठी उघडा होता, त्यात बँकेची पत्रंही येतात. त्याच रात्री पासवर्ड बदलला आणि खात्यातून तो संगणक काढून टाकला.

एवढ्यावर थांबलं असतं तरी एक आशा होती, बोर्ड तर आमच्याकडे होता. तोवर बाजारपेठेतल्या त्या मुलाने नवा मायक्रोस्कोप आणला होता. त्याने फोन उघडला, भिंगाखाली धरला आणि बराच वेळ बोललाच नाही. मग मला बघायला दिलं. ज्या झाकणाखाली मेन लाइनचे कॅपॅसिटर, ते झाकण उचललेलंच नव्हतं. त्याने ते काढलं तर आत पुराचा तांबडा गाळ वाळून बसलेला. धुण्याचा प्रयत्नसुद्धा कुणी केला नव्हता. सीपीयूभोवतीचा काळा गोंद खरवडलेला होता. आणि मेमरीच्या जागी चौकोनी मोकळी जागा, चिप जिथे जोडलेली असते ते काही पॅड उखडलेले. चिप नव्हतीच. पायरीवर काढलेल्या फोटोत ती स्पष्ट दिसते, नंबरासकट.

त्याने तेव्हा समजावलं ते सगळ्यांना ठाऊक असायला हवं. जुन्या फोनची मेमरी काढून बाहेर वाचता यायची. अँड्रॉइड १० घेऊन बाजारात आलेल्या फोनमध्ये डेटा कूटबद्ध (एन्क्रिप्ट) करूनच साठवणं सक्तीचं आहे, आणि ते उलगडायची किल्ली त्याच फोनच्या सीपीयूशी बांधलेली असते. आयफोनमध्येही असंच, आणि तिथे तर त्याआधीपासून. त्यामुळे नुसती चिप मशीनवर लावली तर हाती लागतो तो निव्वळ अर्थहीन आकड्यांचा ढीग. डेटा हवा तर तोच बोर्ड दुरुस्त करून फोन एकदा चालू व्हावा लागतो आणि मालकाने पिन टाकावा लागतो. बोर्ड अगदीच गेला असेल तर सीपीयू आणि मेमरी दोन्ही काढून त्याच मॉडेलच्या दुसऱ्या बोर्डावर बसवतात. ते जोखमीचं काम आहे आणि सर्वांत शेवटी करायचं. अलीकडच्या फोनबद्दल कुणी पहिल्याच दिवशी 'चिप काढून वाचतो' म्हणालं तर त्याला काम येत नाही किंवा तो खोटं बोलतोय. मेमरी कार्ड मात्र वेगळी गोष्ट. ते फोनच्या आतल्या मेमरीला जोडून न घेता साध्या पद्धतीने वापरलेलं असेल तर बाहेर काढून वाचता येतं. आईच्या फोनमध्ये कार्ड नव्हतं.

पिन लागतो हे खरं, पण तो फोन चालू झाल्यावर समोर उभं राहून आपणच टाकायचा. मेलचा पासवर्ड बोर्डाच्या दुरुस्तीसाठी कधीच लागत नाही. हा फरक मला माहीत नव्हता.

मी दुकानात फोन केला. आधी "चिप लावूनच दिली होती", मग "तुमच्या मेकॅनिकने काढली असेल", मग नंबर ब्लॉक. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर (आता नंबर १९१५) तक्रार नोंदवली. तिथून दुकानाला विचारणा गेली, उत्तर आलं नाही. वकील असलेल्या मैत्रिणीने सांगितलं की दावा जिल्हा ग्राहक आयोगात दोन वर्षांच्या आत करायचा, मुंबईला खेपा घालायची गरज नाही, आपण राहतो त्या जिल्ह्यात चालतो, आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही. रत्नागिरीला अर्ज दिला आहे. चिठ्ठीला किंमत नसली तरी यूपीआयचे व्यवहार, मेलमधली लॉगिनची सूचना आणि पायरीवर काढलेले ते दोन फोटो जोडले आहेत. दुकानात फोन देण्याआधी बोर्डाचे फोटो काढून घ्या, उघडून दाखवायला सांगा. खरा कारागीर नाही म्हणत नाही.

भजनांचं म्हणाल तर आई मध्येच एखादं मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकायची. पखवाजवाल्या काकांचा फोन पुरात वाचला होता. त्यात तीन सापडली. तिसऱ्यात अण्णा मध्येच थांबतात, पेटीचा भाता सैल झालाय म्हणतात, आणि आईचा आवाज येतो, "असू दे, म्हणा तुम्ही."