पाळीव साप रंगवताना जलरंग, रंगीत पेन्सिली आणि ग्वाश : काही महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

गेले काही महिने मी पाळीव बॉल पायथन (लहान आकाराचा अजगर) आणि कॉर्न स्नेक (एक बिनविषारी साप) यांची चित्रे एकाच साहित्यसंचाने काढत आहे. ३०० जीएसएमचा (दर चौरस मीटरला ३०० ग्रॅम वजनाचा) हॉट प्रेस्ड, म्हणजे गुळगुळीत कागद, जलरंग, तेलयुक्त रंगीत पेन्सिली, पांढरा ग्वाश (अपारदर्शक जलरंग) आणि अभ्रकाची चमक असलेले एक मीडियम (रंगात मिसळायचे किंवा रंगावर द्यायचे द्रव), एवढेच साहित्य त्यात आहे. सापाच्या अंगावरची नक्षी आणि त्याचे खवले या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि त्यांना माध्यमेही वेगळी लागतात, असे माझे या वापरानंतरचे ठाम मत आहे. नक्षी खवल्यांच्या कडा पाळत नाही. तिची सीमा अनेकदा एखाद्या खवल्याच्या मधूनच जाते. त्यामुळे एकेक खवला सुटा रंगवत गेल्यास साप फरशी बसवल्यासारखा दिसू लागतो.

म्हणून नक्षी मी प्रथम संपूर्णपणे जलरंगात, ओल्या कागदावर ओला रंग सोडत घालते आणि बॉल पायथनच्या तपकिरी डागांच्या कडा हलक्याच विरघळू देते. कागद पूर्ण वाळल्यावर खवल्यांची तिरकी जाळी टोकदार पेन्सिलीने येते. या टप्प्यावर संचाचा खरा कस लागतो. कोल्ड प्रेस्ड कागदाचा खरखरीतपणा बारीक रेघ तोडतो, तर हॉट प्रेस्ड कागदावर ती अखंड उमटते, मात्र त्यावर ओला रंग पसरवण्यासाठी हात चपळ लागतो. मेणयुक्त पेन्सिली मऊ आणि गडद असल्या तरी अनेक थरांनंतर त्यांच्यावर पांढुरकी साय येते. तेलयुक्त पेन्सिलींना हा त्रास नाही आणि त्यांचे टोकही जास्त वेळ टिकते, त्यामुळे या कामासाठी मी त्यांनाच पसंती देते.

जाळी आखताना वळणाकडे विशेष लक्ष द्यावे लागते. शरीर वळते तेव्हा बाहेरच्या बाजूचे खवले एकमेकांपासून दूर जाऊन मधली त्वचा दिसू लागते आणि आतल्या बाजूचे दाटीने जवळ येतात. एवढा एक बदल नेमका टिपला, की छाया घालण्यापूर्वीच शरीराला गोलाई येते. पोटाकडचे खवले रुंद आणि आडवे असतात, तेथे ही जाळी चालत नाही. कॉर्न स्नेकच्या डोक्यावर मोठे, सममित खवले असून डोळ्याची बाहुली गोल असते. बॉल पायथनच्या डोक्यावरील खवले बरेच लहान, बाहुली उभी आणि ओठांवर उष्णता जाणवणारे खळगे असतात. दोघांनाही पापण्या नसतात, डोळ्यावर एक पारदर्शक खवला असतो. त्यामुळे डोळ्यातील प्रकाशबिंदू मी सर्वात शेवटी, ग्वाशच्या एकाच घट्ट थेंबाने देते. तो जलरंगात राखून ठेवण्यापेक्षा असा दिलेला मला अधिक जिवंत वाटतो.

अभ्रकाच्या मीडियमबद्दल माझे मत संमिश्र आहे. सापाच्या अंगावरचे इंद्रधनुषी तेज रंगद्रव्यातून येत नाही, तर खवल्यांच्या पृष्ठभागावरील सूक्ष्म रचनेतून येते. म्हणूनच ते प्रकाशाच्या कोनानुसार पालटते आणि नुकतीच कात टाकल्यावर सर्वात खुलून दिसते. अभ्रकाचा पातळ थर गडद भागावर दिल्यास कागद हलवताना तसाच पालट दिसतो, आणि हा परिणाम मला इतर कोणत्याही माध्यमातून मिळालेला नाही. परंतु स्कॅन केल्यावर तोच भाग राखाडी आणि मळकट दिसतो. चित्र छापायचे असेल, तर हे मीडियम वगळून निळसर-जांभळ्या पेन्सिलीचा अगदी हलका थर द्यावा.

कात टाकण्यापूर्वी डोळे दुधाळ निळे आणि अंगाचा रंग फिका होतो. ती अवस्था रंगवायला फार सुंदर आहे आणि पांढऱ्या ग्वाशचा पातळ थर तिच्यासाठी जणू मुद्दाम बनवल्यासारखा बसतो. या दिवसांत सापाला हाताळू नये, काचेबाहेरूनच रेखाटने करावीत. फिक्सेटिव्हचा (चित्र पुसले जाऊ नये म्हणून मारायच्या द्रवाचा) फवारा तर सापाच्या खोलीत कधीही मारू नये, कारण त्यातील द्रावकांची वाफ त्याच्या श्वसनाला घातक ठरू शकते. मी ते काम नेहमी बाहेर, मोकळ्या हवेत करते.

नव्याने सुरुवात करणाऱ्याने सर्वाधिक खर्च कागदावर करावा, तपकिरी आणि राखाडी छटांच्या मोजक्या चांगल्या पेन्सिली सुट्या घ्याव्यात आणि चमकीचे मीडियम सर्वात शेवटी विकत घ्यावे.