ऑनलाइन वाचनगट : दिवाळी ते श्रावण, माझा अनुभव

मराठीतली जुनी, गाजलेली पुस्तकं ऑनलाइन मिळून वाचणाऱ्या एका गटात मी गेल्या दिवाळीत सामील झाले. आता श्रावण लागलाय आणि मी अजून टिकून आहे. ‘अशा गटात जावं का गं?’ असं बऱ्याच मैत्रिणी विचारतात, म्हणून एकदा सविस्तर लिहिते.

माझं सोलापुरात शाळेच्या गणवेशांचं शिलाईचं युनिट आहे. दिवसभर कटिंग, कारागीर आणि व्यापाऱ्यांचे फोन. वाचन होतं ते रात्री. पुस्तकांची ददात इथे कधीच नव्हती, हिराचंद नेमचंद वाचनालयासारखं जुनं वाचनालय शहरात आहे. पण वाचून झाल्यावर त्यावर तासभर बोलायला माणूस मिळत नव्हता. कॉलेजात होत्या त्या मैत्रिणी लग्न होऊन कुठेकुठे गेल्या.

गटाची पद्धत साधी आहे. आठवड्याला किती प्रकरणं वाचायची ते व्हॉट्सअ‍ॅपवर ठरतं आणि रविवारी रात्री जेवणं आटोपली की व्हिडिओ कॉल. पुण्याची मंडळी जास्त. त्याखेरीज नागपूर, बेळगाव, लातूर आणि एक ताई दुबईहून. प्रत्येक बैठकीत आधी कोणीतरी एक उतारा मोठ्याने वाचतं, मग चर्चा. हे मोठ्याने वाचणं मला सगळ्यात आवडलं. नागपूरच्या निवृत्त सरांच्या तोंडून ऐकलेलं वाक्य आणि बेळगावच्या काकूंच्या तोंडून ऐकलेलं तेच वाक्य, दोन्हींचा ठसका वेगळा.

सुरुवात हरिभाऊ आपट्यांच्या ‘पण लक्षात कोण घेतो’ने झाली. एवढी मोठी कादंबरी आठवड्याला चार-पाच प्रकरणं या गतीने कधी संपणार, अशी कुरकुर पहिल्याच बैठकीत झाली. पण ही कादंबरी मुळात तशीच वाचली गेली होती. हरिभाऊंनी 1890 साली ‘करमणूक’ साप्ताहिक सुरू केलं आणि त्यात ती क्रमशः येत गेली. त्या वेळचा वाचकही नायिका यमूचं पुढे काय होतंय याची वाट बघत थांबत होता. आम्हीही थांबलो आणि त्याचा फायदा झाला. नवरा रघुनाथराव यमूला लिहायला-वाचायला उत्तेजन देतात तो भाग आणि ते गेल्यावर तिच्या वाट्याला येतं ते, यांच्यामध्ये आमचे कितीतरी रविवार गेले होते. तोवर ती घरातली झाली होती. तिच्या केशवपनाच्या प्रकरणावर बोलताना बेळगावच्या काकूंनी त्यांच्या आत्याआजीची आठवण सांगितली. लाल आलवण नेसून मागच्या पडवीत बसायची, घरात लग्न असलं तरी पुढे यायची नाही. काकू लहान असताना तिच्याजवळ जाऊन बसायच्या. गटातल्या इंजिनिअरिंगच्या पोराने त्यानंतर जे प्रश्न विचारले, ते कुठल्याही प्रस्तावनेत मिळाले नसते : तिला कोणी कधी विचारलं का, ती कोणाशी बोलायची, तिचं जेवण कोण वाढायचं.

मग लक्ष्मीबाई टिळकांचं आत्मचरित्र, ‘स्मृतिचित्रे’. तेव्हा आमचा सीझन सुरू झाला होता. एप्रिल ते जून गणवेशवाल्यांना मान वर करायला फुरसत नसते, त्यामुळे बऱ्याच बैठका हुकल्या. मात्र गटात बैठकांचं रेकॉर्डिंग टाकतात. कटिंगच्या टेबलावर फोन ठेवून मी ते ऐकत होते आणि शेजारी काज-बटण करणाऱ्या दोघीही ऐकायला लागल्या. वडिलांच्या सोवळ्याच्या वेडाचा भाग ऐकून त्यातली एक म्हणाली, ‘बाई, ही तर आमच्या आज्जीसारखी बोलतीय.’ बोलल्यासारखं लिहिलेलं हे पुस्तक वाचण्याइतकंच ऐकण्याचंही आहे, हे मला तेव्हा कळलं.

पण ज्यासाठी हा गट मी सोडणार नाही ते पुस्तक म्हणजे विभावरी शिरूरकरांचं ‘बळी’. निवड माझीच होती आणि त्यासाठी मी गटात दोन महिने आग्रह धरला होता. विभावरी शिरूरकर म्हणजे मालतीबाई बेडेकर. ‘कळ्यांचे निःश्वास’मुळे त्यांचं नाव सगळ्यांना माहीत असतं, पण त्या सोलापूरच्या गुन्हेगार जमातींच्या वसाहतीत नोकरीला होत्या हे फार थोड्यांना ठाऊक आहे. तिथे जे पाहिलं त्यातून 1950 साली ‘बळी’ आली. मांग-गारुडी समाजाची, तारेच्या कुंपणाआडची माणसं. 1871 च्या कायद्याने जमातीच्या जमाती जन्मानेच गुन्हेगार ठरवल्या होत्या. हजेरी द्यायची, परवानगीशिवाय बाहेर पडायचं नाही. इथल्या गिरण्यांनी या वसाहतीतून मजूर घेतले. कायद्यातून सुटका व्हायला 1952 साल उजाडलं.

या वसाहतीला आम्ही सेटलमेंट म्हणतो. तो भाग आजही सोलापुरात आहे आणि आम्ही रिक्षावाल्याला तसंच सांगतो. बैठकीत पुण्याच्या एकाने विचारलं, ‘ही वसाहत नक्की कुठे होती?’ मी सांगायला सुरुवात केली, तेवढ्यात गटात नव्यानेच आलेले सोलापूरचे एक शिक्षक बोलले. त्यांचे आजोबा त्या कुंपणात वाढले होते. आजोबांकडून ऐकलेली हजेरीची घंटा, गिरणीची पाळी संपली की थेट आत परतायचं, उशीर झाला तर काय व्हायचं, हे त्यांनी शांतपणे सांगितलं. मग म्हणाले, ‘लेखिकेला आमची दया येते तिथे मला वाचवत नाही. ती नुसती बघते तिथे पुस्तक एक नंबर आहे.’ मी ही कादंबरी आधी वाचली होती, पण असा भेद माझ्या मनात आला नव्हता. पुढचे दोन रविवार आम्ही पानं उलटत तेवढंच शोधत होतो : कुठे बघणं आहे, कुठे दया आहे. ते शिक्षक माझ्या घरापासून वीस मिनिटांवर राहतात आणि आमची ओळख दुबईच्या ताईंच्या साक्षीने फोनच्या पडद्यावर झाली!

आता खटकलेल्या गोष्टी. कॉल फुकटच्या खात्यावर असतो, तासाभराने तो बंद पडतो आणि पुन्हा लिंक उघडेपर्यंत निम्मे लोक गळतात. वर्षाला थोडी वर्गणी काढली तर हे मिटेल. मी मांडलंय, अजून निर्णय नाही. दोघे-तिघे बोलायला लागले की थांबत नाहीत, त्यांना आवरायला सूत्रसंचालक कमी पडतात. निवडीत पुण्या-मुंबईच्या लेखकांकडे कल आहे, मराठवाडा-विदर्भाची पुस्तकं भांडून आणावी लागतात.

पुस्तकांच्या स्कॅन केलेल्या फायली गटात फिरायच्या, ते आता बंद केलंय आणि ते योग्यच झालं. आपल्याकडे लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षं हक्क राहतो. हरिभाऊ 1919 साली गेले, त्यांचं लिखाण केव्हाच मोकळं झालंय. मालतीबाई 2001 मध्ये गेल्या, म्हणजे ‘बळी’ विकत घ्या नाहीतर वाचनालयातून आणा. प्रत सहज मिळत नाही, म्हणून निदान महिनाभर आधी शोधायला लागा.

ज्यांना पुस्तक आठवड्यात संपवायची सवय आहे त्यांना इथे कंटाळा येईल. ज्यांना घरात वाचणारं दुसरं कोणी नाही, त्यांनी जरूर यावं. नुसतं ऐकत बसलं तरी कोणी हटकत नाही, मीही पहिले दोन महिने माइक बंद ठेवूनच होते. गणपती झाले की ‘रणांगण’ सुरू करतोय. लेखक विश्राम बेडेकर, म्हणजे मालतीबाईंचे यजमान. 1939 ची, छोटीशी, बोटीवर घडणारी कादंबरी आहे. नव्याने येणाऱ्यांना तिथून सुरुवात करायला सोपं जाईल.