आडगावी रेकॉर्डिंग: यू-बास न्यावा की हेडलेस?

यू-बास म्हणजे युकुलेलेएवढ्या छोट्या अंगाचा बास गिटार. स्केल, म्हणजे तारेची वाजणारी लांबी, जेमतेम 20-21 इंच, तारा पॉलियुरेथेनच्या, ट्यूनिंग मात्र नेहमीचंच: ई-ए-डी-जी. आवाज गुबगुबीत, उभ्या, मोठ्या डबल बासच्या वळणाचा. पण नव्या तारा ताणत राहतात, दर टेकआधी सूर लावत बसा. स्लॅप, म्हणजे अंगठ्याने तार आपटून वाजवणं, तर विसराच.

हेडलेस म्हणजे मानेच्या टोकाला खुंट्यांचं डोकं नसलेला बास. त्याची लांबी घटते, तरी बहुतेकांचं 34 इंची स्केल शाबूत राहतं. पोलादी तारांची धार मिक्समध्ये उठून येते. अर्थिंगचा पत्ता नसलेल्या घरात सिंगल-कॉइल पिकअप (तारांची कंपनं टिपणारी, एकाच वेटोळ्याची चुंबकं) गुणगुणतात. मग चार्जर काढायचा आणि लॅपटॉपच्या बॅटरीवरच, यूएसबी इंटरफेसमधून (बास लॅपटॉपला जोडणाऱ्या डबीतून) टेक घ्यायचा.

माझं मत हेडलेसला. एसटीच्या गर्दीतून जायचं असेल, तर यू-बास. हेडफोन दोन्हीकडे हवाच. खालच्या ईचा 41 हर्ट्झचा मूळ स्वर लॅपटॉपच्या स्पीकरवर येतच नाही.