अडकलेले पैसे वसूल करून देणारे रावेरचे वकीलसाहेब

आमचा व्यापाऱ्याशी केळीच्या पैशांचा वाद होता, तो लोकअदालतीत मिटला. व्यापाऱ्याने सुरुवातीचे हप्ते दिले, मग फोनच उचलेना. गावात जो तो म्हणे, पुन्हा दावा लावा. वकीलसाहेबांनी मात्र तडजोडपत्र ओळ न् ओळ वाचलं आणि ‘एक हप्ता चुकला तर सगळी बाकी एकदम’ या अटीखाली पेन्सिलने रेघ मारली. म्हणाले, 1987 च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या कलम 21 प्रमाणे लोकअदालतीचा हा निवाडा म्हणजे दिवाणी कोर्टाचा हुकूमनामाच, अपीलही नाही. 12 वर्षांच्या आत सरळ दरखास्त, म्हणजे हुकूमनाम्याच्या अंमलबजावणीचा अर्ज, लावायची. निवाड्याची नक्कल, हप्त्यांचा हिशोब जोडून बँक खातं जप्त करायचा अर्ज दिला. नोटीस पोचली अन् बाकी कोर्टात जमा झाली. फी आधीच कागदावर लिहून दिलेली, हे फार भावलं. शनिवारी मात्र त्यांच्याकडे गर्दी असते, भाऊ, बसायलाही जागा मिळत नाही.