घाण्याला हार्डफेसिंग, शाफ्टला मेटल स्प्रे: एका हंगामाच्या वापरानंतर

आमचं गुऱ्हाळ करवीर तालुक्यात, भोगावतीकाठी. घाणा तीन रोलरचा, बिडाचा, वडिलांच्या काळातला. मागच्या वर्षी रोलरचे दात घासून गुळगुळीत झाले होते, वरच्या रोलरचा शाफ्ट गनमेटलच्या बुशात फिरतो तिथे दीडेक मिलिमीटर झिजला होता आणि पिनियनचे, म्हणजे रोलरला फिरवणाऱ्या दातेरी चाकाचे, दात उडाले होते. तिन्ही कामं तीन पद्धतींनी करून घेतली आणि त्यावर अख्खा हंगाम काढला. दोन कामांवर मी खूश आहे, तिसरं पुन्हा करणार नाही.

आधी रोलर. झिजलेल्या जागी वेल्डिंगने कडक धातूचा भराव चढवायचा, हे हार्डफेसिंग. रोलरच्या दातांवर ते केलं की त्याला आर्किंग म्हणतात आणि साखर कारखान्यांत ते नेहमीचं आहे. क्रोमियम कार्बाइडच्या रॉडने दातांच्या बगलांवर आणि टोकांवर खडबडीत ठिपके चढवतात. या भरावाचा कडकपणा साधारण 55 ते 60 एचआरसी (रॉकवेल सी, कडकपणाचं माप) येतो, त्यामुळे लेथचं टूल त्यावर चालत नाही, ग्राइंडरच लावावा लागतो. सलग लाइन न ओढता ठिपके देण्यामागे कारण आहे. बिडात कार्बन तीन टक्क्यांच्या वर असतो. एका जागी जास्त उष्णता गेली की भरावाच्या शेजारचं बीड काचेसारखं ठिसूळ होतं. ठिपक्याने उष्णता कमी जाते आणि त्या खडबडीतपणामुळे ऊस घसरत नाही.

हा फरक पहिल्याच आठवड्यात हाताला कळला. पूर्वी चिपाड मुठीत पिळलं की बोटं ओली व्हायची, आता तळव्याला नुसता दमटपणा लागतो. चिपाड लवकर वाळतं, चुलवाणात चांगलं पेटतं आणि आधण, म्हणजे काहिलीतला उकळता रस, वेळेत उतरतं. आमच्या गुळव्याने हे माझ्याआधी ओळखलं. पुराच्या गाळातला ऊस आला की दात झपाट्याने जातात, कारण मुळ्यांना चिकटलेली वाळू घासते आणि उसाचा आंबटसर रस लोखंड खातो. दोन्ही एकदम चालतं. संक्रांतीच्या सुमारास ऊस ओढणाऱ्या बाजूची टोकं बोथट झाली, तेवढ्याच भागावर पुन्हा ठिपके मारले. बगलांवरचे ठिपके शेवटपर्यंत टिकले. काही सुटतातही, म्हणून रस काहिलीत सोडण्याआधी बारीक जाळी आणि वर फडकं, हे आम्ही एक दिवसही चुकवलं नाही. खायचा माल आहे. कारखान्यात हे काम फिरत्या रोलरवर करतात, पण तिथे त्यासाठी तयार झालेली माणसं असतात. गुऱ्हाळात ओल्या फरशीवर, हात रोलरजवळ नेऊन कुणी ते करू नये. घाणा बंद करा, रोलर कोरडा करा आणि मग रॉड लावा. अर्थिंगचा चिमटा त्या रोलरलाच लावा. सांगाड्याला लावला तर करंट बुश-बेअरिंगमधून जातो आणि तिथे ठिणगीचे खड्डे पडतात.

चिपाड खरवडणाऱ्या पोलादी पट्टीच्या काठावर मात्र सलग भराव घेतला. गार झाल्यावर त्यावर आडव्या केसासारख्या चिरा दिसल्या. घाबरू नका, या जातीच्या भरावात ताण असाच मोकळा होतो. चीर खालच्या पट्टीत उतरत नाही ना, एवढं पाहा. दोन थर पुरे, तीनच्या वर नको, नाहीतर पापुद्रा निघतो.

आता शाफ्ट. आधीचा शाफ्ट एका वर्कशॉपने साध्या रॉडने, न तापवता भरून दिला होता. तो खांद्यापाशी गोल चिरला आणि भंगारात गेला. शाफ्ट ईएन-8 जातीच्या पोलादाचा, म्हणजे 0.4 टक्क्यांच्या आसपास कार्बन. थंड धातूवर वेल्डिंग केलं की शेजारचा पट्टा झटक्यात गार होऊन कडक, ठिसूळ होतो. दमट रॉडमधला हायड्रोजन त्यात अडकतो आणि चीर कधी कधी दुसऱ्या दिवशी उमटते. भरायचाच असेल तर लो-हायड्रोजन रॉड 300 अंशांच्या वर भट्टीत भाजलेला हवा, शाफ्ट दीड-दोनशे अंशांपर्यंत तापवलेला हवा आणि नंतर सावकाश निववलेला हवा.

या वेळी कोल्हापूरजवळच्या शिरोलीत मेटल स्प्रे, म्हणजे वितळलेल्या धातूचा फवारा, करून घेतला. आधी चिरेत शिरणारा लाल डाय मारून, वर पांढरा डेव्हलपर लावून चीर नाही याची खात्री केली. ही पायरी कधीच सोडू नये, कारण स्प्रेने माप परत येतं, ताकद नाही. मग झिजलेला भाग थोडा उतरवून ग्रिटने खरबरीत केला, 13 टक्के क्रोमियमच्या पोलादी तारेचा थर आर्क स्प्रेने (विजेच्या ठिणगीने तार वितळवून) चढवला आणि ग्राइंडिंग केलं. शाफ्ट फारसा तापतच नाही, त्यामुळे वाकत नाही. थरात बारीक छिद्रं असतात, ती तेल धरून ठेवतात. बुशाच्या कामाला हे फार उपयोगी. हंगामानंतर मायक्रोमीटरला जाणवेल न जाणवेल एवढीच झीज आहे. फक्त चावीच्या गाळ्याशेजारी (चाक शाफ्टवर पक्कं करणारी चावी बसते त्या खाचेशेजारी) थराचा एक टवका उडाला. थर धरून असतो तो खरबरीतपणाच्या पकडीवर, म्हणून कडेला किंवा ठोका बसेल तिथे तो नको, आणि बुश हातोडीने ठोकून बसवू नका.

हार्ड क्रोमचंही, म्हणजे टाकीत बुडवून विजेने क्रोमियमचा मुलामा चढवण्याचं, एकाने सुचवलं होतं. तो थर मिलिमीटरच्या दशांशांत मोजायचा, दीड मिलिमीटर झिजेला ते काम नव्हे. शिवाय त्या टाकीतलं क्रोमियम विषारी. ते सांडपाणी नीट शुद्ध करणाऱ्याकडेच असलं काम द्यावं. पंचगंगेचं काय झालंय ते इथल्या माणसाला सांगायला नको.

पिनियन बिडाचं. दात निकेल रॉडने भरले, इंच-इंच टाके, प्रत्येक टाक्यावर हलके ठोके, नंतर चुलवाणाच्या गरम राखेत पुरून निववलं. वेल्डरने काम मन लावून केलं होतं. तरी एक दात पुन्हा गेला, तोही भरावात नव्हे, भरावाला लागून बिडात. निकेलचा रॉड महाग असतोच. कोल्हापूरसारख्या फाउंड्र्यांच्या गावात बिडाच्या गिअरचे दात भरत बसण्यात अर्थ नाही. पॅटर्न करून नवं ओतून घ्या. आमचं तेच चाललंय.

काम टाकायचं तर गणपतीच्या आत टाका. दसऱ्याजवळ सगळी गुऱ्हाळं कोल्हापूरच्या उद्यमनगरात, वर्कशॉपच्या वस्तीत, एकदम येतात, आणि मग वेल्डरला रॉड भाजायलाही सवड राहत नाही.