मालवण जेटीवरची व्हीआर प्रवाळ-फेरी: चित्र सुंदर, समुद्र दुसराच

मालवण जेटीजवळ डोळ्यांवर व्हीआर (आभासी दृश्य दाखवणारा) हेडसेट लावून समुद्रतळ दाखवणारी दहा मिनिटांची फेरी मिळते. पोहता न येणाऱ्यांची आणि दम्याच्या रुग्णांची यात उत्तम सोय होते, प्रवाळालाही इजा नाही. पोरायटीस या गोलसर प्रवाळाचा गड्डा वर्षाला साधारण एक सेंटिमीटर वाढतो. होडीचा नांगर एकदा आदळला की कित्येक वर्षांची वाढ गेली.

बसल्यावर आधी भिंगांमधलं अंतर आपल्या डोळ्यांप्रमाणे जुळवून घ्या, नाहीतर चित्र दुहेरी दिसतं आणि डोकं धरतं. एसीतून बाहेर आणलेल्या हेडसेटवर दमट हवेत वाफ धरते. तो थोडा वेळ पंख्याखाली ठेवायला सांगा. चित्र डुलतं, शरीर मात्र स्थिर असतं, म्हणून मळमळ होते. तसं झालं तर डोळे मिटून मान स्थिर ठेवा.

मोठी तक्रार चित्रफितीची. त्यात शिंगांसारखी फांद्याफांद्यांची प्रवाळं आणि दूरवर निळंशार पाणी आहे. मालवणच्या खडकांवर प्रामुख्याने गोलसर, खडकाला धरून वाढणारी प्रवाळं असतात आणि गाळामुळे थंडीतही काही मीटरपलीकडचं दिसत नाही. लाल रंग तर पाण्यात वरच्यावरच शोषला जातो, तो इथे संपादनात भरलाय. हे पाहून खऱ्या पाण्यात उतरलेला माणूस ‘इथे काहीच नाही’ म्हणतो. १९८७ साली सागरी अभयारण्य झालेल्या किनाऱ्याचं याहून मोठं नुकसान नाही, कारण ‘काहीच नाही’ तिथे नांगर टाकायला कुणी कचरत नाही.

शेवटी निवेदक विचारतो, हे जगच आभासी असेल तर? आणि प्रश्न तसाच सोडतो. तत्त्वज्ञ निक बोस्ट्रॉम यांनी २००३ साली मांडलेला हा तर्क शक्यतांबद्दल आहे, जबाबदारी त्याने संपत नाही. जग संगणकात चालत असलं, तरी पाणी उन्हाळ्यातल्या नेहमीच्या कमाल तापमानापेक्षा अंशभर जास्त आणि आठवडेच्या आठवडे राहिलं, की प्रवाळ आतलं शैवाल गमावून पांढरं पडणारच. मग खडकातला मासा घटणार, गरवणाऱ्याचा हात रिकामा राहणार. सोसणारे तेच. हेडसेटमधल्या प्रवाळात मात्र सोसणारं कुणीच नाही. निवेदनात हे एक वाक्य यायलाच हवं.

पोहता येत असेल तर नोव्हेंबर ते फेब्रुवारीत, उधाण टाळून भांगाच्या, म्हणजे भरती-ओहोटीचा जोर कमी असलेल्या दिवसांत खऱ्या पाण्यात उतरा. होडी बोयाला (पाण्यात कायम तरंगत्या ठेवलेल्या खुणेला) बांधणार की नांगर टाकणार, हे पैसे देण्याआधी विचारा. माशांना पाव टाकणारी होडी घेऊ नका.